वजन उतरले, जळजळ उरली

रात्रीचे दोन वाजलेले असतात. घरातले सगळे गाढ झोपेत आणि ती एकटीच पलंगावर उठून बसलेली. छातीच्या मधोमध आग, घशाशी आंबट पाणी, पाठीशी तीन उशा. दोन वर्षांपूर्वी तिचे वजन ११८ किलो होते. पोटाची शस्त्रक्रिया झाली, काटा ८० च्या खाली आला, मधुमेहाची गोळी सुटली, जिना चढताना लागणारी धाप गेली. पण सकाळी उपाशीपोटी एक आणि रात्री एक अशी पित्ताची गोळी मागे लागली ती लागलीच. तक्रार करायची सोय नाही. ‘एवढे वजन उतरले, थोडी जळजळ झाली तर काय बिघडले?’ हे उत्तर घरीही तयार असते आणि कित्येकदा दवाखान्यातही.

अशी बाई किंवा असा पुरुष आज राज्यातल्या कुठल्याही मोठ्या शहरात सापडेल. लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रिया आपल्याकडे वाढल्या, त्यामागे कारणही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. अतिलठ्ठपणा आणि त्याच्यासोबत येणारे मधुमेह, रक्तदाब, झोपेतला श्वासरोध यांवर शस्त्रक्रियेइतका टिकाऊ परिणाम देणारे उपाय फार थोडे आहेत. तेव्हा पुढचे सारे शस्त्रक्रियेच्या विरोधात वाचू नये. प्रश्न आहे तो शस्त्रक्रियेनंतर उरणाऱ्या जळजळीचा, आणि तिच्यावर ‘टाके नाहीत, कापाकापी नाही, त्याच दिवशी घरी’ अशा शब्दांत पुढे येणाऱ्या नव्या उपायांचा. हे उपाय खोटे नाहीत. पण जळजळ नेमकी कशामुळे होते हे न शोधता ते केले, तर ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी गत होते.

पखालीची झाली नळी

आज जगात वजन उतरवण्यासाठी सर्वाधिक केली जाणारी शस्त्रक्रिया म्हणजे ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’. जठराचा बाहेरच्या बाजूचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून काढतात. मागे उरते ती साधारण केळ्याच्या आकाराची नळी. गंमत अशी, की ही शस्त्रक्रिया मुळात स्वतंत्र उपचार म्हणून जन्मालाच आली नव्हती. ती एका मोठ्या, आतड्यांची जोडणी बदलणाऱ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा होती. अतिशय वजनदार रुग्णांना एका दमात सगळे झेपत नाही म्हणून या शतकाच्या सुरुवातीला शल्यचिकित्सकांनी आधी एवढेच करून थांबायला सुरुवात केली. पहिल्या टप्प्यानेच भरपूर वजन उतरते हे दिसले आणि दुसरा टप्पा बऱ्याच जणांच्या बाबतीत मागे पडला. स्लीव्ह कमी वेळात होते, आतड्याला हात लावावा लागत नाही, जीवनसत्त्वांची कमतरता बायपासपेक्षा कमी पडते. ती लोकप्रिय झाली यात नवल नाही.

मात्र जठर ही नुसती अन्न साठवायची जागा नव्हे. निरोगी जठर पखालीसारखे ताणले जाते. जेवण आत आले की त्याचा वरचा फुगवटा सैल पडतो आणि आतला दाब फारसा वाढत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथे आम्ल वर येऊ नये म्हणून तिहेरी बंदोबस्त असतो : अन्ननलिकेच्या टोकाचे स्नायूंचे कडे, त्याभोवती श्वासपटलाचा विळखा, आणि अन्ननलिका व जठराचा फुगवटा यांच्यातला तिरपा कोन. स्लीव्हमध्ये फुगवटाच कापला जातो. त्यामुळे कोन सपाट होतो आणि त्याला आधार देणारे काही स्नायुतंतूही तुटतात. ताणली जाणारी पखाल जाऊन न ताणली जाणारी नळी उरली, की घासभर अन्नानेही आतला दाब चढतो. दाब चढला की वाट मिळेल तिकडे, म्हणजे वर, आम्ल जाते.

याला आणखी दोन कारणांची जोड मिळू शकते. पहिले हर्निया. श्वासपटलातले छिद्र सैल असेल तर नळीचा वरचा भाग छातीत सरकतो. शस्त्रक्रियेच्या वेळी लक्षात न आलेला किंवा नंतर झालेला असा हर्निया स्लीव्हनंतरच्या जळजळीत वारंवार आढळतो. दुसरे अरुंदपणा. नळी मध्ये जिथे वळण घेते तिथे ती चिमटली किंवा पिळली गेली, तर खाली अडलेले अन्न आणि आम्ल वर उसळते.

दुसऱ्या बाजूने वजन उतरले की पोटातला दाब कमी होतो आणि आम्ल तयार करणाऱ्या पेशींचा मोठा भागही कापला गेलेला असतो. म्हणून काही जणांची जुनी जळजळ स्लीव्हनंतर चक्क थांबते. एकाला आराम आणि दुसऱ्याला त्रास, हे नशिबाचे खेळ नव्हेत. कुठल्या रुग्णात कोणते पारडे जड होते, यावर ते ठरते.

स्वित्झर्लंडमध्ये २१७ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत विभागून स्लीव्ह आणि बायपास यांची तुलना केली गेली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या निष्कर्षांत, आधीपासून जळजळ असलेल्यांपैकी स्लीव्हनंतर २५ टक्के रुग्णांची तक्रार मिटली, तर जवळपास ३२ टक्के रुग्णांची वाढली. बायपासनंतर हेच आकडे सुमारे ६० आणि ६ टक्के होते. फिनलंडमधल्या २४० रुग्णांच्या अशाच तुलनेचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. तिथे स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्क्यांच्या अन्ननलिकेला आम्लाने सूज आणि व्रण आलेले दिसले, तर बायपासनंतर ७ टक्क्यांच्या. अन्ननलिकेचे अस्तर बदलून जाण्याचा, म्हणजे ‘बॅरेट’ नावाचा विकार दोन्ही गटांत चार टक्क्यांच्या आसपास होता. काही इतर अभ्यासांत तो स्लीव्हनंतर याहून बराच जास्त नोंदवला गेला आहे. बॅरेट झालेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही, पण तो होण्याची शक्यता वाढते आणि म्हणून त्यावर नजर ठेवावी लागते.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. जळजळ किती होते यावरून आत किती नुकसान झाले आहे ते कळत नाही. काहींना तक्रार नसताना आत व्रण असतात, तर काहींना रात्रभर आग होऊनही अस्तर साफ असते. याच कारणाने लठ्ठपणाच्या शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने शस्त्रक्रियेनंतर एका वर्षाने, आणि स्लीव्ह झालेल्यांनी पुढे दर दोन-तीन वर्षांनी एन्डोस्कोपी करून घ्यावी, अशी शिफारस केली आहे. त्रास असो वा नसो. आपल्याकडे किती जण ही तपासणी करतात, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या ओळखीतल्या रुग्णाला विचारून पाहावा.

पित्त कोणते, आम्ल कोणते?

मराठीत एक सोयीचा पण घोटाळ्याचा शब्द आहे : पित्त. आंबट ढेकर आला तरी ‘पित्त झाले’, डोके दुखले तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. औषधाच्या दुकानातही गोळी मागितली जाते ती ‘पित्ताची’. प्रत्यक्षात ती गोळी आम्लाची असते. खरे पित्त यकृतात तयार होते. ते हिरवट-पिवळे आणि कडू असते. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या जठरातले आम्ल कमी करतात. पित्ताला त्या अटकाव करू शकत नाहीत.

शस्त्रक्रिया झालेल्या माणसासाठी हा भेद केवळ शब्दांचा नाही. भारतात बरीच केली जाणारी ‘मिनी गॅस्ट्रिक बायपास’ ही एकाच जोडाची शस्त्रक्रिया घ्या. तिच्यात काही रुग्णांच्या लहान केलेल्या जठरात आणि तिथून अन्ननलिकेत खरे पित्त येऊ शकते. अशा माणसाने वर्षभर पँटोप्राझोल गिळली तरी तोंडाची कडू चव आणि छातीतली आग कायम राहणार, आणि त्याला वाटणार की आपला आजारच हट्टी आहे. त्रास आंबट आहे की कडू, कोणती शस्त्रक्रिया झाली आहे, हे दोन साधे प्रश्न निम्मे काम करतात. शस्त्रक्रियेचा कागद म्हणूनच जपून ठेवावा. ‘पोटाचे ऑपरेशन झाले आहे’ एवढी माहिती पुरत नाही.

गोळी : पहिली, पण शेवटची नव्हे

सर्वांत कमी चिरफाडीचा उपचार म्हणजे ज्यात चिरफाडच नाही तो. स्लीव्हनंतरच्या बऱ्याच रुग्णांना औषध आणि सवयींतला बदल एवढे पुरते. मात्र दोन्ही नीट केले पाहिजेत. आम्लरोधक गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. जेवण झाल्यावर, जळजळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी निम्मी वाया जाते. गोळी ‘लागू पडत नाही’ असे सांगणाऱ्यांपैकी कित्येकांची वेळच चुकलेली असते. अलीकडे व्होनोप्राझान हे वेगळ्या पद्धतीने काम करणारे औषधही भारतात मिळते. जपानमध्ये ते दहा वर्षांहून अधिक काळ वापरात आहे आणि त्याला जेवणाच्या वेळेचे एवढे बंधन नाही. समुद्रशैवालापासून काढलेले अल्जिनेट हे पातळ औषध जेवणानंतर आम्लावर सायीसारखा थर धरते. रात्रीच्या त्रासात काहींना त्याचा उपयोग होतो.

सवयींच्या बाबतीत नळी झालेल्या जठराचे नियम सोपे आहेत. घास लहान, चावणे जास्त, जेवताना घटाघटा पाणी नाही. रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर. लोकलने किंवा बसने रात्री नऊला घरी पोहोचणाऱ्याला हे अवघड आहे. अशा वेळी मुख्य खाणे संध्याकाळी सहा-सातला कामाच्या जागीच उरकून घरी आल्यावर हलके काही घेणे हा व्यवहार्य मार्ग. उशांचा डोंगर रचल्याने मान वाकते आणि पोट चिमटते. त्यापेक्षा पलंगाचे डोक्याकडचे पाय विटा किंवा लाकडी ठोकळे लावून पंधरा-वीस सेंटिमीटर उंच करावेत. डाव्या कुशीवर झोपल्याने आम्ल कमी वर येते. तंबाखू, मिश्री, सिगारेट आणि दारू झडप सैल करतात. पाण्यात फसफसणारी पुडी घटकाभर आम्ल मारते, पण वायूही तयार करते. अरुंद नळीत वायू म्हणजे आणखी दाब.

वजन पुन्हा वाढू लागले असेल तर जळजळही वाढते. अशा वेळी सध्या चर्चेत असलेली सेमाग्लुटाइड किंवा तिर्झेपॅटाइडची इंजेक्शने सुरू केली जातात. त्यांनी वजनाला मदत होते, पण ती जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात आणि काही जणांत ढेकर व जळजळ वाढवतात. इंजेक्शन आणि जळजळ एकाच महिन्यात सुरू झाली असतील तर डॉक्टरांना तसे सांगायला हवे.

खरी अडचण गोळी वर्षानुवर्षे कोणाच्याही देखरेखीशिवाय चालू राहते तिथे आहे. या गोळ्या विष नाहीत. ज्यांच्या अन्ननलिकेला व्रण आहेत त्यांनी भीतीपोटी त्या बंद करणे चूकच. पण स्लीव्ह झालेल्या शरीरात बी-१२ आणि लोह यांचे शोषण आधीच घटलेले असते. आम्ल आणखी कमी केले की ही तूट वाढते, कधी मॅग्नेशियमही उतरते. पायांत मुंग्या, थकवा, केस गळणे या तक्रारी ‘वजन उतरल्यामुळे’ म्हणून सोडून दिल्या जातात. वर्षातून निदान एकदा हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व तपासणे हा या उपचाराचाच भाग आहे. आपल्याकडे आम्लरोधक आणि डोम्पेरिडोन एकाच गोळीत घालून सर्रास विकले जाते. डोम्पेरिडोनने काहींच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चिठ्ठीशिवाय महिनोन् महिने घ्यायची ती गोष्ट नाही.

आधी शोध, मग छेद

योग्य वेळी, योग्य मात्रेत दोन-तीन महिने औषध घेऊनही त्रास कायम असेल, तर पुढची गोळी शोधण्याऐवजी कारण शोधायला हवे. त्यासाठी लागणाऱ्या तपासण्या अघोरी नाहीत. एन्डोस्कोपीने व्रण, बॅरेट, हर्निया, अरुंद वळण आणि वर आलेले पित्त दिसते. बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रांत नळीचा आकार आणि अडथळा कळतो. नाकातून बारीक तार घालून चोवीस तास आम्ल मोजता येते. दाब मोजणाऱ्या तपासणीने अन्ननलिकेचे स्नायू नीट आकुंचन पावतात का हे समजते. या शेवटच्या दोन तपासण्या सगळीकडे मिळत नाहीत, पण कुठलीही नवी प्रक्रिया करण्याआधी त्या टाळणे म्हणजे पाया न पाहता मजला चढवणे होय.

यानंतरच कमी चिरफाडीच्या उपायांचा विचार सुरू होतो. त्यांची यादी मोठी दिसते, पण प्रत्येकाचा रुग्ण वेगळा आहे.

नळीचे वळण अरुंद झालेले असेल तर एन्डोस्कोपीतून फुगा नेऊन ते रुंद करता येते. अन्ननलिकेच्या दुसऱ्या एका आजारात वापरला जाणारा तीस मिलिमीटरचा किंवा त्याहून मोठा फुगा यासाठी वापरतात. बहुधा एकापेक्षा जास्त वेळा तो फुगवावा लागतो. आतापर्यंतचे अभ्यास एकत्र पाहिले तर साधारण चारपैकी तीन रुग्णांना गुण येतो. पोटावर छेद नाही, काही काढणे नाही, आणि अडथळा सुटला की जळजळही कमी होते. कारण सापडले की लहान उपाय किती मोठे काम करतो, याचे हे चांगले उदाहरण. उलट्या, घास अडकणे आणि जळजळ ही तिन्ही एकत्र असतील तर या शक्यतेचा आधी विचार व्हावा.

हर्निया असेल तर दुर्बिणीतून तो दुरुस्त करता येतो. नळी छातीतून खाली ओढून श्वासपटलाचे छिद्र शिवतात. नुसती शिवण पुढे सैल पडू शकते, म्हणून काही ठिकाणी यकृताजवळचा रुग्णाचाच गोल बंध अन्ननलिकेभोवती गुंडाळून नळीला बांधून ठेवला जातो. यात बाहेरचे उपकरण लागत नाही, त्यामुळे खर्च कमी. सरकारी रुग्णालयांच्या दृष्टीने हा मुद्दा दुर्लक्षिण्यासारखा नाही. मात्र वर्षांनुवर्षे पाठपुरावा केलेले मोठे अभ्यास अजून हाती नाहीत.

तिसरा उपाय चुंबकी मण्यांच्या कड्याचा. टायटॅनियमच्या मण्यांत चुंबक असतात. हे कडे झडपेभोवती बसवले की घास जाताना उघडते आणि नंतर मिटते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला २०१२ मध्ये मान्यता दिली, ती नेहमीच्या, जठर शाबूत असलेल्या रुग्णांसाठी. स्लीव्हनंतरच्या लहान अभ्यासांत तक्रारी कमी झाल्याचे दिसले आहे. पण गिळायला त्रास होणे, क्वचित कडे आत रुतणे आणि पुढे एमआरआय करताना पाळावी लागणारी मर्यादा हे त्याचे मोल आहे.

मग येतात पूर्णपणे एन्डोस्कोपीतून होणारे उपाय, ज्यांची जाहिरात सर्वाधिक आकर्षक असते. रेडिओ लहरींच्या उष्णतेने झडपेचा स्नायू जाड करण्याची ‘स्ट्रेटा’ पद्धत २००० पासून अस्तित्वात आहे. स्लीव्ह झालेल्या १५ रुग्णांवर कतारमध्ये ती करून पाहिली गेली तेव्हा सहा महिन्यांनंतर बहुसंख्य रुग्ण समाधानी नव्हते आणि काहींना शेवटी बायपास करावा लागला. झडपेजवळचे अस्तर अर्धवट काढून किंवा जाळून, त्याच्या व्रणाच्या आकुंचनाने वाट अरुंद करण्याची पद्धत जपानमध्ये विकसित झाली. स्लीव्हनंतर तिचे निकाल उत्साहवर्धक वाटतात, पण ते मोजक्याच रुग्णांवरचे. व्रण जास्त आकसला तर घास अडकू लागतो. आणि जठराचा फुगवटा अन्ननलिकेभोवती दुमडून नवी झडप तयार करण्याची जी एन्डोस्कोपीची पद्धत इतरांना उपयोगी पडते, ती स्लीव्हनंतर लागू होणेच कठीण. दुमडायचा फुगवटाच कापून टाकलेला असतो. एखाद्या केंद्रात तीच सुचवली गेली, तर हा प्रश्न शांतपणे विचारावा.

मोठ्या हर्नियावर झडपेला उष्णता देऊन उपयोग नाही. अरुंद वळणावर झडप घट्ट केली तर अडथळ्याच्या वर आणखी एक अडथळा तयार होतो. पित्त वर येत असेल तर आम्लाविरुद्धचा कुठलाही उपाय अपुरा. म्हणजे ‘सर्वांत कमी चिरफाडीचा उपचार कोणता’ हा प्रश्नच अर्धा आहे. ‘या कारणावर चालणारा सर्वांत कमी चिरफाडीचा उपचार कोणता’ असा तो पुरा होतो.

बायपासला घाबरायचे किती?

या सगळ्या उपायांच्या रांगेत शेवटी उभी असते ती ‘रू-एन-वाय’ बायपासची शस्त्रक्रिया. सीझर रू या स्विस शल्यचिकित्सकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोडणीत नळीचा वरचा छोटा भाग तेवढा ठेवून तो आतड्याला जोडतात. आम्ल तयार करणारा बहुतेक भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो, आतला दाब उतरतो, आणि पित्त शंभर-दीडशे सेंटिमीटर खाली जाऊन मिळते. आम्ल आणि पित्त दोन्हींचा बंदोबस्त एकाच वेळी होतो. म्हणूनच स्लीव्हनंतरच्या हट्टी जळजळीवर आजही हाच सर्वांत भरवशाचा उपाय मानला जातो.

अर्थात तो लहान नाही. एकदा हात लावलेल्या पोटात पुन्हा जाणे पहिल्या वेळेपेक्षा अवघड असते. जोड गळणे, जोडावर व्रण होणे, आतडे अडकणे, गोड खाल्ल्यावर घाम आणि धडधड, आयुष्यभर जीवनसत्त्वे, आणि दुखण्याच्या नेहमीच्या गोळ्यांना कायमची बंदी, एवढे त्याच्यासोबत येते. म्हणून त्याआधी लहान उपाय करून पाहणे शहाणपणाचे. मात्र व्रण तीव्र असतील, बॅरेट झालेला असेल, रात्री आम्ल फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होत असेल, तर एकामागून एक लहान उपाय करत दोन-चार वर्षे घालवणे हे शहाणपण नव्हे. लहान उपचारांची लांबलेली मालिका कधी कधी एका मोठ्या शस्त्रक्रियेपेक्षा महाग पडते, पैशानेही आणि शरीरानेही.

जबाबदारी टेबलावर संपत नाही

यातली पुष्कळशी दुखणी टाळता येण्याजोगी आहेत, आणि तो क्षण पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधीचा असतो. स्लीव्हपूर्वी प्रत्येकाची एन्डोस्कोपी व्हावी. तीव्र व्रण, बॅरेट किंवा मोठा हर्निया आढळला तर स्लीव्हऐवजी बायपासचा विचार व्हावा. लहान हर्निया असेल तर तो त्याच वेळी दुरुस्त व्हावा. रुग्णाला संमतिपत्रावर सही घेण्याआधी, त्याच्या भाषेत, स्पष्ट सांगितले जावे : ‘वजन उतरेल. जळजळ जाऊ शकते, तशी नव्याने सुरूही होऊ शकते, आणि काही जणांना पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागते.’ हे ऐकून कोणी मागे फिरला तर तो त्याचा हक्क आहे. ऐकूनही तयार झाला तर पुढे त्रास झाल्यावर तो लपवणार नाही, लवकर येईल.

रुग्णानेही काही प्रश्न विचारायला कचरू नये. माझ्यासाठी स्लीव्हच का, बायपास का नाही? एन्डोस्कोपीत काय दिसले? पाच वर्षांनी तपासायला मी कोणाकडे यायचे? शस्त्रक्रियेची जी रक्कम सांगितली जाते तिच्यात पुढच्या एन्डोस्कोपी आणि रक्ततपासण्या धरल्या आहेत का? विमा पहिली शस्त्रक्रिया मंजूर करतो, तिच्या परिणामी लागणाऱ्या दुसरीचे काय, हेही आधीच लेखी विचारून घ्यावे.

रुग्णालयांनी केलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेची आणि पाच-दहा वर्षांनंतरच्या रुग्णाच्या स्थितीची नोंद ठेवणे सक्तीचे हवे. स्वित्झर्लंड आणि फिनलंडच्या डॉक्टरांनी रुग्णांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा बोलावून तपासले म्हणून आज हे आकडे सांगता येतात. आपल्या माणसाचे जेवण वेगळे, जेवायच्या वेळा वेगळ्या, शरीराची ठेवण वेगळी. त्याची जळजळ मोजण्यासाठी युरोपचे आकडे कायमचे पुरणार नाहीत. शस्त्रक्रिया मोठ्या खासगी रुग्णालयात होते आणि सात वर्षांनी रक्ताची उलटी घेऊन रुग्ण येतो तो जवळच्या सरकारी रुग्णालयात. त्याच्याकडे कागद नसतो, आणि तिथल्या डॉक्टरला आत काय कापले, काय जोडले याचा अंदाज बांधावा लागतो. ही साखळी जोडण्याचे काम कुठलाही फुगा किंवा चुंबक करणार नाही. ते धोरणानेच व्हायला हवे. जिल्हा रुग्णालयांत एन्डोस्कोपीची सोय आणि ती करणारा माणूस, ही त्याची पहिली पायरी.

तोवर घरोघरी काही खुणा माहीत असाव्यात. घास अडकणे, वारंवार उलटी, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी, ठरल्यापेक्षा जास्त वेगाने घटणारे वजन, रात्री ठसका लागून जाग येणे, यांपैकी काहीही असेल तर पित्ताची गोळी हा उपाय नव्हे. तिथे तपासणीच लागते. आणि छातीतली आग चालताना वाढत असेल, घाम फुटत असेल, कळ जबड्यात किंवा हातात जात असेल, तर ती आधी हृदयाची समजून तडक इसीजी काढावा. मधुमेही आणि वजनदार माणसाच्या बाबतीत ‘पित्तच असेल’ म्हणून सकाळपर्यंत थांबणे जिवावर बेतू शकते.

रात्री दोनला उठून बसलेल्या त्या बाईला कदाचित फुग्याने आराम पडेल, कदाचित हर्नियाच्या टाक्यांनी, कदाचित बायपासने, किंवा नुसती गोळी वेळेवर घेऊन आणि पलंगाखाली दोन विटा लावूनही. यातले काय, हे तिचे पोट पाहिल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. पण तिने वजन उतरवले ते सुखाने जगण्यासाठी, बसून रात्र काढण्यासाठी नव्हे. ‘एवढे तर चालायचेच’ हे उत्तर तिला यापुढे कोणी देऊ नये, आणि कोणी दिलेच तर तिने ते ऐकून घेऊ नये.